तेल, पाणी आणि स्वावलंबन

(खुटबाव, ता. दौंड, जि. पुणे येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुण्याहून लोहमार्गाने खुटबावला येताना वाटेत जी स्थानके लागतात, त्यांच्या नावांतच आजच्या विषयाचा बराचसा भाग सामावलेला आहे. वाटेत मांजरी लागते. तेथे उसावर व साखरेवर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पुढे लोणी. तेथे तेल कंपन्यांच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या आहेत. मुंबईहून नळातून आलेले पेट्रोल व डिझेल तेथे साठविले जाते आणि तेथून टँकरने गावोगावी जाते. त्यानंतर उरुळी. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने तेथून संकरित गाईंचा प्रसार केला. मग यवत आणि मग आपले खुटबाव. रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर, आणि पुढे पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना. हा पट्टा म्हणजे ऊर्जेच्या प्रश्नाचा जणू नकाशाच आहे. तेल येथून जाते, तेलाला पर्याय ठरू शकणारे पीक येथे पिकते, आणि त्या पिकाला लागणारे पाणी खडकवासल्याच्या कालव्यातून व विहिरींतून येथेच येते.

देशाच्या ऊर्जासुरक्षिततेचा विचार दिल्लीत व मुंबईत होतो, त्यात गावाने काय करावयाचे, असे आपणांपैकी काहींना वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम देशाचे चित्र पाहू आणि नंतर गावाकडे वळू.

दोन दुष्काळ

१९७२ सालचा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला उपाशी राहिली, माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. तो दुष्काळ सरतो न सरतो तोच, १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि तेलाचा दुष्काळ सुरू झाला. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेली कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत साडेअकरा डॉलरच्या वर गेली. त्या वेळी आपल्या गरजेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तेल परदेशातून येत होते. पाण्याचा आणि तेलाचा असे दोन दुष्काळ महाराष्ट्राने पाठोपाठ अनुभवले. या दोहोंचा परस्परसंबंध काय, हाच माझ्या आजच्या भाषणाचा गाभा आहे.

त्या संकटात एक दिलासा मिळाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागरसम्राट' या जहाजाने मुंबईपासून दूर समुद्रात तेल शोधले आणि १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झाले. १९८४-८५ साली देशात सुमारे २ कोटी ९० लाख टन कच्चे तेल निघाले व परावलंबन पुष्कळ कमी झाले. परंतु त्यानंतर मागणी वाढतच गेली आणि उत्पादन त्या गतीने वाढले नाही. २०२३-२४ सालीही देशातील उत्पादन सुमारे २ कोटी ९० लाख टनांच्याच घरात होते. चाळीस वर्षांत विहीर तेवढीच राहिली आणि घर कितीतरी मोठे झाले. त्या वर्षी आपण सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात केले व त्यासाठी १३ हजार कोटी डॉलरहून अधिक मोजले. शंभर लिटरमागे पंचाऐंशीहून अधिक लिटर तेल आज परदेशाचे आहे.

असे परावलंबन किती महाग पडते, हे १९९१ साली दिसून आले. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापला, तेलाचे भाव चढले, आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना परत यावे लागले आणि परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने इंग्लंडला तारण ठेवण्यासाठी पाठवावे लागले. घरातील दागिने सावकाराकडे नेण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पेव आणि पुरवठादार

तेलाची आयात करणाऱ्या देशाला स्वतःचे रक्षण करण्याचे काही मार्ग आहेत. पहिला मार्ग साठवणुकीचा. आपले पूर्वज ज्याप्रमाणे जमिनीत पेव खणून ज्वारी साठवीत, त्याचप्रमाणे विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे खडक कोरून तेलाची भूमिगत कोठारे तयार केली आहेत. त्यांची एकूण क्षमता सुमारे ५३ लाख टन. ती पूर्ण भरली तर देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेल कंपन्यांजवळील साठा याहून वेगळा व बराच अधिक असतो. १९७४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तिच्या सदस्य देशांवर निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवण्याचे बंधन घातले आहे. त्या मानाने आपले सरकारी पेव लहान आहे, आणि म्हणूनच २०२१ साली चंडीखोल व पादूर येथे आणखी कोठारांना मंजुरी देण्यात आली. पेव केव्हा भरावे, हेही महत्त्वाचे. २०२० च्या उन्हाळ्यात साथीमुळे जगभर मागणी घटून तेल कवडीमोल झाले, तेव्हा ही कोठारे भरून घेण्यात आली. सुगीत धान्य घ्यावे, हा आपल्या घरचाच नियम होय.

दुसरा मार्ग एकाच दुकानावर विसंबून न राहण्याचा. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि भाव शंभर डॉलरच्या पुढे गेले. तेव्हा आपण रशियाकडून सवलतीच्या दराने तेल घेऊ लागलो. पूर्वी आपल्या आयातीत शेकडा दोनही नसलेला त्या देशाचा वाटा २०२३-२४ साली एक तृतीयांशाच्या वर गेला. हा मार्ग आवश्यक आहे, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. २०२४ साली जगातील तेलवापराच्या सुमारे एक पंचमांश तेल होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जात होते. दुकाने पुष्कळ असली तरी रस्ता अडला की गिऱ्हाईक अडकतेच.

तिसरा मार्ग तेलाऐवजी दुसरे इंधन वापरण्याचा, आणि चौथा मुळात कमी तेल वापरण्याचा. येथपासून हा विषय खुटबावच्या शिवारात येतो.

उसातील तेल

मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालल्या. १९४८ साली मद्यार्काच्या इंधनवापरासंबंधी केंद्र सरकारने कायदाही केला. पुढे २००१ साली इथेनॉलमिश्रणाचे जे तीन प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांपैकी मिरज व मनमाड हे दोन महाराष्ट्रात होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर या कामाला वेग आला. जून २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण शेकडा दहावर आणि २०२५ मध्ये शेकडा वीसवर पोचले. यामुळे परकीय चलन वाचले, कारखान्यांना साखरेव्यतिरिक्त उत्पन्न मिळाले व उसाची बिले देण्यास हातभार लागला. ही कामगिरी लहान नाही.

तथापि हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. २०२३-२४ च्या हंगामात देशात सुमारे ७०० कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले गेले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे या इथेनॉलने सुमारे ३५ लाख टन पेट्रोलची जागा घेतली. देशात त्या वर्षी पेट्रोलजन्य पदार्थांचा एकूण वापर २३ कोटी टनांहून अधिक होता. शेकडा दीड एवढेच हे प्रमाण झाले. शिवाय इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते. आपला ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली ओढणारे वाहन, तोडणीयंत्र व मालट्रक ही सर्व डिझेलवर चालतात, आणि डिझेलचा वापर पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे.

आता पाण्याचा हिशेब. निती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यातच असे नमूद आहे की, एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते आणि उसापासून एक लिटर इथेनॉल तयार होण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. चाळीस लिटरची टाकी शेकडा वीस मिश्रणाने भरली, तर तीत आठ लिटर इथेनॉल असते. ते सर्व उसाच्या रसापासून केलेले असेल, तर त्यापाठीमागे सुमारे २३ हजार लिटर पाणी खर्ची पडलेले असते. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने एका टाकीतील इथेनॉलचे पाणी एका माणसाला चारशे दिवसांहून अधिक पुरले असते.

दौंड तालुका अवर्षणप्रवण आहे. कालव्याचे पाणी पुणे शहरालाही हवे आणि इंदापूरलाही हवे. पाऊस ओढ देतो त्या वर्षी आवर्तनासाठी आपण कसे डोळे लावून बसतो, हे मी आपणांस सांगणे नको. पावसाने दगा दिला म्हणजे काय होते, याचा अनुभव नुकताच येऊन गेला. २०२३ साली पाऊस अपुरा झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. काही दिवसांत ती अंशतः शिथिल झाली आणि पुढील हंगामासाठी उठविण्यात आली. परंतु त्या हंगामात इथेनॉलसाठी मक्याकडे वळावे लागले, आणि २०२४ साली देशात मक्याची आयात वाढली. आखातातील युद्धाने तेल अडते, तसे मोसमी पावसाच्या लहरीने इथेनॉलही अडते. तेलाचे परावलंबन घालविताना पाण्याचे परावलंबन आपण ओढवून घेतले, तर ती सुरक्षितता नव्हे. एका सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या सावकाराकडे जाण्यासारखे ते होईल.

याचा अर्थ इथेनॉल नको, असा कृपया कोणी घेऊ नये. प्रश्न क्रमाचा आहे. मळीपासून केलेल्या इथेनॉलसाठी निराळे पाणी द्यावे लागत नाही, कारण ऊस साखरेसाठी आधीच पिकलेला असतो. शेतातील टाकाऊ भागापासून केलेल्या इथेनॉलचेही तसेच. या दिशेचे पहिले पाऊल आपल्याच तालुक्यात पडले आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने राहू येथे उभारलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे मे २०१७ मध्ये उद्घाटन झाले. पेंढा, मक्याची कणसे काढून राहिलेली ताटे, उसाचा चोथा अशा पदार्थांपासून इथेनॉल करण्याचे तंत्र तेथे तपासले गेले. पुढे याच तंत्रावर ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा वापरून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. राहूची ही ओळख येथील शाळांतील मुलांना असावयास हवी.

मात्र टाकाऊ म्हणून जे आपण समजतो, त्यावरही पहिला हक्क जमिनीचा आहे. उसाचे पाचट सरीत आच्छादले तर ओल टिकते, तण कमी येते आणि जमिनीला सेंद्रिय अंश मिळतो. तरीही तोडणीनंतर पाचट पेटवून देण्याची सवय पूर्णपणे गेलेली नाही. पाचट जाळणे म्हणजे खत, ओलावा आणि इंधन ही तिन्ही एका काडीने घालविणे होय. गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडे जळतात, हे योग्यच आहे. परंतु सुधारलेल्या चुलवाणात तीच काहील कमी चिपाडात उकळते, आणि टायर किंवा प्लास्टिक जाळण्याचा मोह कोणाला पडण्याचे कारण उरत नाही.

गावाचा ताळेबंद

आता गावाने काय करावे, याकडे वळतो. पहिली गोष्ट घरच्या चुलीची. देशात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो. आपल्या पट्ट्यात दुधाचा धंदा वाढला आहे. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला दररोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे पुरतात. ते नीट चालले तर महिन्याला दीड ते दोन सिलिंडर वाचू शकतात. शिवाय मळी म्हणून बाहेर पडणारे शेणकाले शेताला खत म्हणून मिळते, आणि ज्या युरियासाठी परदेशातून वायू आणावा लागतो त्याची मागणी तेवढी कमी होते. आपल्याच जिल्ह्यात देहू येथे डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या जैववायू संयंत्रांसाठी आयुष्य वेचले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या कामातील खरी अडचण आपण सर्व जाणतो. अनुदान मिळेपर्यंत संयंत्र चालते, मग एखादा नळ गळतो, दुरुस्तीला कोणी मिळत नाही, आणि खड्डा कचऱ्याने भरतो. म्हणून अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे की, किती संयंत्रे बांधली यापेक्षा तीन वर्षांनंतर किती चालू आहेत, हा आकडा अहवालात प्रथम यावा.

दुसरी गोष्ट विजेची. भारतात वीज तेलापासून जवळजवळ होतच नाही, ती प्रामुख्याने कोळशापासून होते. त्यामुळे सौर पंपाने थेट तेल वाचते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. जेथे डिझेल इंजिन होते तेथे मात्र ते वाचते. परंतु वाहतूक विजेवर आली, म्हणजे चित्र बदलते. आपल्या दाराशी पुणे-दौंड लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले, त्यामुळे या मार्गावरील इंजिनांना डिझेलची गरज उरली नाही. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली होती. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एस. टी.ची विजेवरील 'शिवाई' धावली. वाहने विजेवर आली आणि ती वीज सूर्यापासून आली, तर तो खरा देशी इंधनाचा मार्ग होईल.

या दृष्टीने २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना महत्त्वाची आहे. तिच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले. दिवसा वीज मिळाली, तर रात्री दारे धरावयास जाण्याची वेळ येत नाही. उसात बिबट्या दडून बसण्याचे दिवस आहेत. ज्या घरातील माणूस रात्री अडीच वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करण्यास जातो, त्या घरासाठी हीसुद्धा सुरक्षितताच आहे. मात्र गायरान देताना ग्रामसभेने चराईचा विचार अवश्य करावा, आणि वीज दिवसा फुकट-स्वस्त मिळाली म्हणून विहीर अधिक उपसली जाणार नाही, हेही पाहावे. वीज सूर्याची असली तरी पाणी त्याच विहिरीचे आहे.

तिसरी गोष्ट काटकसरीची. तिला लोक कमी लेखतात, पण सर्वांत स्वस्त तेल ते, जे आपण वापरलेच नाही. ट्रॅक्टरच्या नळीतून सेकंदाला एक थेंब डिझेल गळत राहिले, तर वर्षाला दीड हजार लिटरच्या आसपास डिझेल मातीत जाते. हवागाळणी साफ नसणे, चाकांत हवा योग्य नसणे, लहान कामाला मोठा ट्रॅक्टर जुंपणे, कारखान्याच्या आवारात इंजिन चालू ठेवून रांगेत उभे राहणे, या सर्वांतून तेलच जाते. ठिबकाने पाणी वाचते आणि पाण्याबरोबर ते उपसणारी ऊर्जाही वाचते. म्हणून ठिबकाचा एक संच हा पाण्याचा व ऊर्जेचा असा दुहेरी साठा आहे.

माझी सूचना एवढीच आहे. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाच्या ग्रामसभेत, गावाचा तेल व पाणी यांचा ताळेबंद मांडावा. गावात ट्रॅक्टर किती, डिझेल अंदाजे किती, सिलिंडर किती, गोबरगॅस चालू किती व बंद किती, ठिबकाखाली क्षेत्र किती, पाचट किती एकरांत जाळले व किती एकरांत कुजविले, उन्हाळ्यात विहिरींची पातळी कोठवर गेली. हे आकडे जमविण्यास मोठे तज्ज्ञ लागत नाहीत. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून ते जमवून घेतले, तर गणित, भूगोल व विज्ञान हे तिन्ही विषय एकाच वहीत शिकून होतील. आणि तेल व पाणी शेजारी-शेजारी लिहिल्यावाचून ताळेबंद पुरा होत नाही, हे मुलांना लहानपणीच कळेल.

बंधुभगिनींनो, देशाची कोठारे भरणे, परदेशांशी करार करणे, समुद्रात तेल शोधणे ही शासनाची कामे आहेत व ती शासनाने केलीच पाहिजेत. परंतु २३ कोटी टन तेल एकाच ठिकाणी जळत नाही. ते लाखो गावांत, थेंबाथेंबाने जळते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला पाणी अडविण्यास शिकविले. १९७३ च्या टंचाईने तेल जपून वापरण्याचे जे शिक्षण दिले, ते मात्र भाव उतरताच आपण विसरलो. पुढची टंचाई केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा खुटबावच्या विहिरीत पाणी असावे, गोठ्यामागचे संयंत्र चालू असावे आणि पाचट सरीत असावे. एवढी तयारी आपल्या हातची आहे. ती करू या, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.